नऊ नकारांनंतरचा विमा

साउदॅम्प्टनच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत डेस्मंड मोबाइलवर बोटीच्या सफरीसाठी विम्याचा अर्ज भरत होता. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“ग्लेनिस, तू सगळे आजार सांगितलेस?”

“सगळे. साखर, गुडघे, हृदयात बसवलेली स्प्रिंग.”

“वेडी की काय! म्हणूनच सात कंपन्यांनी नाही म्हटलं.”

“नऊ. नवव्या कंपनीतली मुलगी फोनवर विचारते, आजी, आता राहिलं काय? म्हटलं, दात. तेही खोटे.”

“आणि दहाव्या कंपनीने दिला?”

“दिला, आणि परवडेल असा. आमच्यासारख्या खिळखिळ्यांचाच विमा उतरवतात ते.”

“जिना चढताना दम लागतो, तेवढं तरी लपवायचंस. कुणाला कळणार होतं?”

“अगं, भर समुद्रात छातीत कळ आली तर न्यायला हेलिकॉप्टर येणार, आणि काही लपवलेलं निघालं तर त्याचं बिल माझ्याच गळ्यात. तेव्हा दोरीला लोंबकळत काय काय लपवलं ते आठवत बसू? मला खाली समुद्र बघायचाय!”

डेस्मंडने मोबाइलकडे पाहिलं. आजारांबद्दल अकरा प्रश्न, त्याची अकरा उत्तरं ‘नाही’. त्याने अर्ज पुसून टाकला आणि छातीवरचा हात न काढता मागे वळला.

“बाई, त्या दहाव्या कंपनीचं नाव काय म्हणालात?”