खुडूक कोंबडी

नांदुऱ्याच्या टेसनावर थर्डक्लासची खिडकी उघडायची होती. भगवंतराव रांगेत उभे होते. पुढं दोन बाया, एक म्हातारी, एक तरणी. तरणीनं झाकलेली टोपली छातीशी धरली होती. म्हातारीनं फडकं उचलून आत पाहिलं.

"सगुणा, तुही कोंबडी तं काळी होती. हे तांबडी कोनाची व?"

"शेजारच्या मैनीची, अमीरबी. तिनं माही खाल्ली, म्या तिची धरली. शेगावात इकून टाकतो."

"खाल्ली हे कोनी पाह्यलं?"

"पाहाले कायले लागते? शिमग्याच्या आधी माही खुराड्यात आली नाही, अन् त्याच सांजी तिच्या घरी पाहुना. रातभर रश्श्याचा वास."

"इचारलं तिले?"

"चोर कधी हो म्हनते का?"

भगवंतरावांनी आपली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"काळी अंडे देत होती?"

"बंद केले होते. हात लावला का पिसं फुगवून टोचे."

"म्हंजे खुडूक होती. खुडूक कोंबडी आडोशाले अंड्यांवर जाऊन बसते व. घरामागं कपाशीच्या पऱ्हाट्याच्या ढिगात पाह्यलं?"

सगुणा बंद खिडकीकडं पाहू लागली.

"पाह्यलं का नाही?"

"काल ढिगातून चिवचिव येत होती. मले वाटलं चिमण्या असतीन."

खिडकी उघडली. रांग हलली.

"चाल वापस. तांबडी तिच्या अंगनात सोडून दे."

"गावभर चोर केलं म्या तिले, अमीरबी. आता कोन्या तोंडानं सोडू?"

तिनं टोपलीवरचं फडकं घट्ट ओढलं.

"बाबू, शेगावचं एक द्या."