बाराचे बावीस

...आन् पाह्यते तं काय, पुन्हा बावीस! नाई, तुम्हीच सांगा, माणसानं घाबरायचं नाई तं काय करायचं? मयुरा नोकरीले लागून पंधरा दिवस नाई झाले. धंतोली भागातल्या दवाखान्यांच्या वेबसाइटी बनवणारं ऑफिस, इतकं छोटं की तिसरा आला की पहिल्यानं उठायचं! पीएचपीचा कोड लिहायचा म्हणून तिनं एडिटरची सेटिंग लावली. अक्षराचा आकार बारा, मागचा रंग काळा, झालं. पाणी पिऊन आली... बावीस! आन् मागं पिवळं, हळदीवानी!

पुन्हा बारा केलं. तुम्हाले सांगतो, माउसले हात नाई, कीबोर्डले हात नाई, तिच्या डोळ्यांदेखत अक्षरं टम्म फुगली... बावीस! तेही फक्त पीएचपीच्या फायलींत बरं का, बाकीच्या जशाच्या तशा!

फोन घेणाऱ्या कौसल्याले विचारलं, “इथं आधी कोण बसे वं?” तं ती फाइल चाळता चाळता म्हणे, “मारोतराव. पीएचपीवालेच. गेले ना दिवाळीत.”

गेले! आता आली का पंचाईत? पोरगी खुर्चीच्या काठावर बसाले लागली. सायबाले सांगावं तं तो म्हणन, डोकं फिरलं हिचं, उद्यापासून येऊ नको. रोज बारा, रोज बावीस! शेवटी एका भर दुपारी, सारे जेवाले गेल्यावर, तिनं राजीनामा लिहिला. पाठवायच्या आधी मनात आलं, एकदा विचारून तं पाहू. सेटिंगही फाइलच असते ना, तिच्यात एक ओळ टाकली: ‘कोण आहे?’

काहीच नाई. पंखा तेवढा फिरून राहिला. आन् मग... त्या ओळीखाली आपोआप दुसरी ओळ उमटली: ‘आधी तुम्ही सांगा.’

तिनं कसंबसं लिहिलं, ‘मयुरा.’

‘मी मारोतराव.’

‘तुम्ही तं गेले ना?’

‘हो. कळमेश्वरले.’

आता मले सांगा, मेल्यावर कळमेश्वरले कोण जाते!

माणूस नोकरी सोडून तिथं घरून काम करून राहिला होता, आन् या जुन्या मशीनवरचं त्याचं एडिटरचं खातं तसंच उघडं! इकडची सेटिंग तिकडं, तिकडची इकडं. नंबर मागून तिनं लगेच फोन लावला. तिकडून रडवेला आवाज, “म्हणजे ते बारा तुमचं होतं? अवं बाई, मले वाटलं डोळे गेले! अक्षर बारीक होते, समोर अंधारी येते... दोनदा चष्मा बदलला, गाडी चालवणं सोडलं, बायको घास भरवाले निघाली!”

मयुरा हसता हसता रडाले लागली. म्हणे, “आता लॉगआउट करून टाकते, काका.”

तिकडून हळूच, “राहू द्या ना. बायको कामावर गेली की दिवसभर एकटाच असतो मी. बारा आलं की भेव वाटे, पण कोणीतरी आहे असंही वाटे.”

दोघांनी मिळून सतरा ठरवलं. आता दोघांलेही धड दिसत नाई!