रविवारचे हिरवे खांब

चहा राहू द्या रुचिका मॅडम, पह्यले हे सांगा — लेकरायले टॅबवर आपआपलं पान उघडून पाहाले शिकवाची गरज काय होती? अ‍ॅप तुमच्या कंपनीचं, मान्य — पण वर्ग तं माहा आहे ना! दोन वर्सं ते पान मी एकटाच पाहून राह्यलो, काई बिघडलं? तुमी एक दिवस येता, सांगता — हिरवा खांब म्हंजे बरोबर, लाल म्हंजे चूक, खाली तारीख पाहा, नाई पटलं तं सरले विचारा. विचारा! घ्या, आता विचारून राह्यली ना ते आचल!

पाचवीतली पोरगी. नवोदयच्या फॉर्मची आज शेवटची तारीख, अन् म्हणते — भरत नाई सर, मी सोडवते ते सारंच लाल, मी ढ आहो. ढ! माह्या वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी! तुमचं मशीन तिले आठवीची गणितं देऊन राह्यलं, लाल नाई होईन तं काय होईन? — काऊन देते म्हणता? मांगचे हिरवे खांब पाहून पुढचं अवघड देते. रविवारचे.

मंग काय करू, बाप्पा? तालुक्याले, समुद्रपूरच्या मीटिंगमधी पडद्यावर शाळेचं नाव येते — अ‍ॅपचा वापर कमी, वापर कमी! सारे मास्तर वळून पाह्यतात. इथं नेटवर्क येते फकत चिंचेखाली. आठ रविवार बसलो तिथं, उत्तरं दाबत. यादीत पह्यलं नाव आचलचं, तेच उघडत गेलो. अन् चुकीचं उत्तर दाबाले हात नाई धजला माहा — मास्तर आहो ना! — असे नका पाहू माह्याकडं.

सकाळी तिनं तारखेवर बोट ठेवलं. म्हणे, सर, रविवारी तं टॅब कपाटात राह्यते, किल्ली तुमच्यापाशी, मंग हे कोनं सोडवलं? मी काय म्हटलं? मशीन खराब आहे म्हटलं. अन् तिनं मान डोलवली — सर म्हणते म्हून! लाज वाटते मॅडम, माही मलेच लाज वाटते. तुमचं पान बंद कराले सांगणार होतो मी, खरं सांगतो, त्याच्याचसाठी बसवलं तुमाले.

राहू द्या ते पान. उघडंच राहू द्या. तुमी निघा आता, साडेतीनची बस सुटन. वऱ्हांड्यात आचल बसली आहे, तिले आत पाठवजा. — थांबता कायले? जा म्हटलं ना! लेकराची माफी मांगाची आहे मले, पाहुण्यासमोर नाई जमत.