येतानाचा वारा

सुईत दोरा जाईना म्हणून शिंपीणबाई चष्म्याच्या दुकानात येऊन बसल्या होत्या. शेजारच्या आजी-आजोबांचं बोलणं कानावर पडत होतं.

"अहो, लेक म्हणाली, विमानाला इकडे येताना चौदा तास लागतात, परदेशी परत जाताना सोळा."

"विमानतळ तेच, अंतर तेच. मग वरचे दोन तास कुठे चहाला थांबतात?"

"तुमची बस नाही ती."

"बस चालवताना मी असं कारण सांगितलं असतं, तर साहेबांनी घरी बसवलं असतं."

"वरती वारा असतो म्हणे. येताना पाठीमागून, जाताना समोरून."

"म्हणजे येताना तिला ढकलतो?"

"हो. आणि जाताना अडवून धरतो."

आजोबांनी दुकानाच्या दारातून वर आभाळाकडे पाहिलं.

"मग वारा आपल्यातलाच म्हणायचा."