पुलाखालचा माणूस

(दुपार. धाकट्या भावाची खोली. व्हिडिओ गेमच्या पडद्यासमोर शेजारी शेजारी दोन खुर्च्या. बाबू सदुसष्ट वर्षांचा, ताई चौऱ्याहत्तरची.)

ताई : काढून टाकली म्हणजे? आपली गोष्ट काढून टाकलीस?

बाबू : गोष्ट नाही, गेममधल्या त्या गोष्टीला कॅम्पेन म्हणतात. मशीनमध्ये जागा नव्हती. मल्टीप्लेअरचं, म्हणजे बाहेरच्या पोरांशी खेळतो त्याचं, नवं अपडेट आलं, काहीतरी काढावंच लागणार होतं.

ताई : आणि काढण्यासारखं आपलंच होतं. चौदातली अकरा मिशनं झाली होती, बाबू. आठ महिने लागले. दर मंगळवारी गुडघा धरून तीन जिने चढते, ते काय तुझा चहा प्यायला?

बाबू : चहाला तर नावंच ठेवतेस.

ताई : विषय बदलू नकोस. कुणासाठी काढलीस ते कळलं मला. आत येताना ऐकलं. त्या खेळातून कुणी पोरगा तुला म्हणत होता, ‘आजोबा, मेलात तर निदान वाटेतून बाजूला पडा.’ आणि तू हसत होतास.

बाबू : खरंच बोलला. दारातच मेलो होतो मी.

ताई : माझ्यासमोर तुला असं कुणी बोललं असतं, तर त्याच्या घरी जाऊन आले असते.

बाबू : गेलीच होतीस, मी सहावीत असताना. पोरं वर्षभर मला ‘ताईचं बाळ’ म्हणायची.

ताई : म्हणून आता परक्यांची बोलणी गोड लागतात.

बाबू : लागतात. ती जिवंत माणसं आहेत. कोण कुठून येईल, कुणालाच ठाऊक नसतं. आपल्या गोष्टीत तोच शिपाई त्याच दारातून येतो. तू लक्षात ठेवून आधीच सांगतेस, मी गोळी घालतो. मी कोण? तुझं बोट.

ताई : माझी बोटं वाकडी झाली नसती, तर तुझी मागायला आले नसते. आणि त्याच दारातून येतो म्हणून तर तिथे माझा काही उपयोग आहे. तुझ्या त्या बाजारात मी काय सांगणार, कपाळ?

बाबू : बरं. मग बाराव्या मिशनचं सांग.

ताई : त्याचं काय?

बाबू : सात आठवडे आपण त्या पुलावर मरतोय. दर वेळी तू म्हणतेस, ‘उजवीकडून जा, खाली कुणी नाही.’ आणि दर वेळी पुलाखालचा माणूस मला टिपतो.

ताई : विसरायला होतं.

बाबू : तुला? आपण भाड्याच्या पाच घरांत राहिलो. कुठल्या दाराची कडी कशी लागायची, ते तू आजही सांगतेस. आणि एक माणूस सात आठवडे विसरतेस? बोल ना आता.

ताई : ओरडू नकोस.

बाबू : मला वाटलं, माझे हात गेले. डॉक्टरांना दाखवून आलो मी, ताई. घरात कुणाला बोललो नाही. ते म्हणाले, हात ठणठणीत आहेत. परवा एकटाच बसलो, डावीकडून गेलो, आणि एका दमात पूल पार. तेव्हाच काढून टाकली. जागाबिगा काही नाही.

ताई : म्हणजे रागाने काढलीस.

बाबू : रागानेच.

ताई : मग तसं सांगायचं. अपडेटच्या नावावर काय खपवतोस?

बाबू : तू कमी खपवलंस? का केलंस, ते तरी कळू दे.

ताई : पुढे दोनच मिशनं उरली होती.

बाबू : मग?

ताई : मग काय मग. ती संपली की मंगळवारी मी कुठे जायचं?

बाबू : भावाकडे यायला बहिणीला गेम लागते?

ताई : त्याआधीच्या दहा वर्षांत किती वेळा आले, आठव. तू किती वेळा बोलावलंस, तेही आठव. तुला नाही आठवणार. मी सांगू?

बाबू : नको.

ताई : मग गप्प बस.

बाबू : परत उतरवून घेता येते. पण आपलं झालेलं सगळं गेलं. पहिल्यापासून खेळावी लागेल.

ताई : मग खेळ. मी कुठे नको म्हणाले?

बाबू : पण या वेळी थापा नाहीत. माणूस असेल तिथे माणूस आहे म्हणून सांगायचं.

ताई : सांगेन. तू जरा हळू खेळ.