बारीक अक्षरांची यादी

...नाही, विषय 'डोळ्यांची निगा' असाच ठरलाय, वाचनालयाच्या बाईंनी फळ्यावर लिहिलंयही तसं, आणि मी त्यावरच बोलतोय, पण लोकांच्या डोळ्यांची निगा राखता राखता मी कुठे येऊन पडलोय ते आधी ऐका, गाजरं-पालेभाज्या मागाहून! तुम्हाला सांगतो, मी साधा चष्मेवाला. हा डोळा झाका, तो डोळा झाका, एवढंच माझं राजकारण. आणि हल्ली जो तो विचारतोय, 'त्या पोस्टी अजून आहेत का हो?' का म्हणून विचारावं, तर म्हणे, 'काही नाही, सहज विचारलं.'

झालं असं, की जवळचं वाचायला देतो ते कार्ड माझ्याकडे बावीस वर्षं एकच. अख्ख्या गल्लीला पाठ! माणसं धडाधडा म्हणून दाखवायची, मी शाबास म्हणायचो, आणि बाहेर पडताना तीच माणसं पायरी चुकून आपटायची. म्हणून पुतणीला म्हटलं, बारीक अक्षरांचं काहीतरी नवं छापून आण. तिने मतदारयादी आणली. तेव्हा ती दुरुस्तीसाठी लागली होती, नाव नसेल तर अर्ज करायला महिनाभर मुदत. अक्षर असं, की मुंगीनेसुद्धा चष्मा मागावा. मी खूश. गिऱ्हाईक आलं की यादी हातात द्यायची आणि म्हणायचं, शोधा तुमचं नाव.

पहिल्या आल्या शिवणकामवाल्या मावशी. चाळीस वर्षं समोरच्या माडीवर राहतात. नाव दिसेना. मी अर्धा नंबर वाढवला. दिसेना. आणखी अर्धा... हसू नका, तीनदा वाढवला हो, मावशींना गरगरायला लागलं तरी नाव दिसेना! शेवटी पुतणी म्हणाली, "काका, काच बदलू नका. नावच नाहीये."

मग बेकरीवाला. नाही. त्याची सासू. नाही. शाळेचे शिपाई, निवृत्त नर्सबाई, नाही, नाही. दोन आठवड्यांत एकेचाळीस माणसं, आणि डोळ्यांचा दोष एकालाही नाही! पुतणीने फोनवर मला एक पान उघडून दिलं आणि मी ज्याला त्याला विचारून पोस्टी टाकायला लागलो. फोटो आणि खाली चार ओळी. 'या मावशी. चाळीस वर्षं इथेच. यादीत नाहीत. तुम्ही आहात का, बघा. अर्ज असा भरतात.' पसंतीचे अंगठे पडायला लागले. शंभर, दोनशे, तीनशे बारा! दुसऱ्या गल्ल्यांतून फोटो येऊ लागले. मला वाटलं, वा, लोकशाहीची सेवा, तीही चपला न घालता!

आणि मग ते 'सहज' सुरू झालं. परवान्याच्या कार्यालयातून फोन, आवाज कसा, लोण्यात बुडवलेला. 'दुकान बरं चाललंय ना? पाटी किती फुटांची लावलीय? नाही, सहज विचारलं.' बायको शिकवते त्या शाळेच्या मुख्याध्यापिका तिला म्हणाल्या, 'तुमचे मिस्टर हल्ली फार लिहितात म्हणे? सहज विचारलं हं.' बायको घरी येऊन एक शब्द बोलली नाही. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. मी खरा घाबरलो तो तिथे.

अंगठे उतरायला लागले. तीनशे बाराचे दोनशे, दोनशेचे नव्वद, आणि काल चार. त्यातला एक माझा, एक पुतणीचा, एक मावशींचा, त्यांना दिलेला काढता येत नाही म्हणून. आणि एक बायकोचा. ती अजूनही काही बोललेली नाही.

मग काढून का टाकत नाही, म्हणाल. अहो, मला काढता येत नाही! पुतणीला म्हटलं, तू काढ. एवढी शिकलेली मुलगी, दिवसभर फोनवर, पण सरळ चेहऱ्याने म्हणते, "मलाही नाही येत, काका." मी पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी एक गृहस्थ आले. शर्टाला इतकी कडक इस्त्री, की बसले तरी घडी मोडेना. डोळे तपासा म्हणाले, सहज आलोय. यादी दिली. घडाघडा वाचली. वाचता वाचता नसलेली नावंही वाचायला लागले... शिवणवाली, बेकरीवाला, बेकरीवाल्याची सासू. एकेचाळीसच्या एकेचाळीस, मी टाकली त्याच क्रमाने, तोंडपाठ! मग अगदी हळू म्हणाले, "शुक्रवारच्या आत हे दिसेनासं झालं तर बरं."

शुक्रवारी अर्जांची मुदत संपते.

मला वाटलं, आता उठतील. उठले नाहीत. त्यांनी स्वतःच्या रस्त्याचं पान काढलं. बोट वरून खाली गेलं. पुन्हा वरून खाली. तिसऱ्यांदाही गेलं. मग म्हणाले, "मला चष्मा लागलाय वाटतं." नजर ठणठणीत होती हो! मी आपला साध्या काचेचा चष्मा करून दिला. गिऱ्हाइकाच्या नोंदीत नाव, पत्ता लिहून घ्यावा लागतो, तो घेतला.

आज गुरुवार. बाई म्हणाल्या होत्या, तुमच्या भाषणाला कोणी येणार नाही. वीसेक जण आलात, बरं वाटलं. आणि मागे दाराशी, वही घेऊन बसलेत ना, त्यांचा चष्मा बघा. काचेला नंबर नाही. माझ्याच हातचा आहे.

नमस्कार साहेब. लिहा, लिहा, सावकाश लिहा. सकाळी मी पुन्हा यादी बघितली. तुमचं नाव नाहीये अजून. कोरा अर्ज माझ्या खिशात आहे, उद्या पाचपर्यंत घेतात. फोटो इथेच काढू. बेचाळिसावी पोस्ट... टाकू का?

नाही?

बरं. सहज विचारलं.