चमच्यांच्या ड्रॉवरची मूठ

...आणि मागितलं काय होतं मी? महाल? मोत्यांचा सर? अहो, ड्रॉवरची मूठ! चमच्यांच्या ड्रॉवरची मूठ तुटली, म्हटलं बाजारात निघालेच आहे तर आणते, तर आमचा हेडली पेपरातून डोकं वर काढून म्हणतो, “विकत? डोरीन, या घरात मूठ विकत?” जसं काही मी दुसरा नवराच आणायला निघाले होते! चाळीस वर्षं डर्बीच्या कारखान्यात पंप बनवले त्यानं, आता निवृत्त झाल्यापासून मागच्या शेडमध्ये लेथवर लाकडी नक्षीकाम करतो. म्हणाला, “आठ दिवसांत देतो.” एक मूठ हो, एक मूठ!

तुम्हाला सांगते, आठ दिवस गेले, उन्हाळा गेला, नाताळ गेला... का? तर मनातली नक्षी जुन्या लेथवर निघेना! मग तो लेथ मोडून नवं यंत्र, यंत्राला चाक हवं, चाकाला दाते हवेत, दाते पाडायला आणखी एक यंत्र... माझ्या शिवणयंत्राची मोटर नेली! विचारून नेली हां, फक्त उत्तराला थांबला नाही. चहा घेऊन जावं तर अंगभर भुसा, आणि चेहरा इतका खूष, की आमच्या लग्नातही तसा नव्हता! आणि इथं मी सुरीच्या टोकानं ड्रॉवर उचकटतेय. एका मुठीपायी!

चौदा महिन्यांनी आली. आता खोटं कशाला बोलू... काळं कुळकुळीत लाकूड, अक्रोडाएवढी, आणि पाकळीत पाकळी, पाकळीत पाकळी, बघताना श्वास अडकावा! मी म्हटलं, “बरी आहे.” जास्त कौतुक केलं तर हा जेवायलासुद्धा घरात यायचा नाही. बसवली, ओढली, उघडला ड्रॉवर! दिवसभर मी उगीचच चमचे काढले नि ठेवले.

तर रविवारी चहाला त्याच्या नक्षी मंडळातले सहा म्हातारे हजर. या लोकांची एक खोड आहे बघा, कुठलीही वस्तू दिली की आधी उलटी करतात! कारागीर म्हणे बुडाशी कळतो. त्यातले ऑर्मरॉड ड्रॉवरपुढे गुडघे टेकून म्हणाले, “मिसेस थॉर्प, हिची मागची बाजू?”

“अहो, बसवलीय ती!”

खिशातून स्क्रू ड्रायव्हर! ड्रॉवर उघडून आतून स्क्रू काढला, मूठ हातात, ड्रॉवर ढकलून बंद... चमचे आत! म्हटलं, “आता साखर काय पान्यानं ढवळू?” पण ऐकतंय कोण? मागेही नक्षी होती हो! जिथं मूठ लाकडाला टेकते, जन्मात कुणाला दिसायची नाही, तिथं पुढच्यापेक्षा सुंदर!

ऑर्मरॉडांच्या डोळ्यांत पाणी. “हेडली, ही पुन्हा फळीला चेपणार? पाप आहे रे!” सहाच्या सहा म्हातारे माझ्याकडे बघताहेत. हेडली बुटांकडे. काय करता? म्हटलं, “ठेवा काचेच्या कपाटात. पण हेडली, मला एक साधी मूठ दे. बिननक्षीची. गुळगुळीत.”

“साधी?” तो विचारात पडला. मग त्याचे डोळे असे चमकले, असे चमकले... “डोरीन, या यंत्रावर साधं काही निघतच नाही गं! साधीसाठी वेगळं यंत्र करावं लागेल!”

म्हटलं, कर बाबा. वयाची सत्त्याहत्तर वर्षं तर पुरी झालीत, मला कसली घाई आहे!